तारे सांत्वन करत नाहीत

एखाद्या मोठ्या दुर्बिणीने टिपलेले नवे छायाचित्र प्रसिद्ध झाले, किंवा कुणी रात्रीचे दिवे कमी करा, आकाश दिसू द्या अशी मागणी केली, की एक ठरावीक वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, जरा वर बघा, या अफाट पसाऱ्यात तुमची दुःखे ती केवढीशी! दुसरी बाजू उसळून विचारते, खाली माणसे युद्धात मरताहेत, जंगले जळताहेत, आणि तुम्हाला तारे सुचताहेत? हा वाद ऐकताना दर वेळी वाटते की दोन्ही बाजू एकाच चुकीच्या समजुतीवर उभ्या आहेत. आकाश म्हणजे गुंगीचे औषध, हे दोघांनीही मनोमन मान्य केलेले असते. एक ते घ्यायला सांगतो, दुसरा टाकून द्यायला. माझे म्हणणे असे, की निसर्गाकडे आणि विशेषतः रात्रीच्या आकाशाकडे लक्षपूर्वक पाहण्यातून जी आशा मिळते, तिचा गुंगीशी काहीही संबंध नाही. दुःख लहान करून ती मिळत नाही. 'हे कधीच शक्य नाही' असे ठरवून टाकण्याची आपली सवय तिथे पुन्हा पुन्हा खोटी पडली आहे, आणि ती खोटी पाडणारी माणसेही आपापल्या संकटांनी पुरती वेढलेली होती, हे कळल्यामुळे मिळते.

आधी आकाराचा मुद्दा. १४ फेब्रुवारी १९९० रोजी व्हॉयेजर १ या यानाने सुमारे ६ अब्ज किलोमीटरांवरून मागे वळून पृथ्वीचे छायाचित्र घेतले. त्यात आपली सगळी पृथ्वी एका पिक्सेलमध्येही भरत नाही. ते पाहून अनेकांना हायसे वाटते, आणि ते खोटे नाही हे मान्यच केले पाहिजे. एकाच काळजीभोवती रात्रंदिवस घिरट्या घालणाऱ्या मनाला स्वतःबाहेर पडायला वाट मिळते, ही काही छोटी गोष्ट नव्हे. पण याच अफाटपणाने सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल या फ्रेंच गणितज्ञ-विचारवंताच्या अंगावर काटा आला होता; त्या अनंत अवकाशांच्या चिरंतन मौनाचे मला भय वाटते, असे त्याने लिहून ठेवले आहे. एकाच दृश्याने एकाला धीर येत असेल आणि दुसऱ्याचा थरकाप उडत असेल, तर धीर त्या आकारात आहे असे कसे म्हणायचे? १९२५ मध्ये फ्रँक रॅम्सी या केंब्रिजच्या तरुण गणितज्ञाने मित्रांपुढे वाचलेल्या एका निबंधात याहून परखड मुद्दा मांडला. तारे मोठे असतील, पण त्यांना विचार करता येत नाही, प्रेम करता येत नाही. मला या गोष्टींचे मोल आहे, आकाराचे नाही, असे त्याचे म्हणणे होते. मला ते बिनतोड वाटते. शिवाय 'क्षुद्र' हे माप एकदा हाती घेतले की ते सगळ्यांनाच लावावे लागते. माझे दुःख क्षुद्र असेल, तर शेजारच्याची भूकही क्षुद्रच, आणि तिसऱ्यावर झालेला अन्यायही. जुलूम करणाऱ्याला याहून सोयीचे तत्त्वज्ञान कोणते मिळणार? म्हणून आकाशाचे समर्थन करणाऱ्यांनी हा युक्तिवाद सोडून द्यावा, असे मला कळकळीने वाटते. त्यातून सुटका मिळते, पण उद्या उठून काही करण्याचे बळ मिळत नाही.

मग बळ मिळते कशातून? एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा त्यात आहे. १८३५ मध्ये ऑग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने मानवी ज्ञानाच्या मर्यादा आखताना ताऱ्यांचा दाखला दिला. ताऱ्यांचे आकार, अंतरे, गती एक वेळ कळतील, पण ते कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीही कळणार नाही, असे त्याने बजावले. त्यात वेडेपणा मुळीच नव्हता. जिथे जाता येत नाही, जिथून चिमूटभर माती आणता येत नाही, तिथले रसायन कळणार कसे? कोंत १८५७ मध्ये वारला. १८५९ मध्ये किरखॉफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशाच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश फोडल्यावर दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यात, आपापल्या ठरावीक जागी रेषा उमटवते, आणि सूर्यप्रकाशातल्या काळ्या रेषा म्हणजे सूर्यातल्या द्रव्यांची सही आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात जान्सेन या फ्रेंच निरीक्षकाने गुंटूरहून सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्या वर्षी त्या ज्वाळांत दिसलेली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याच ज्ञात द्रव्याशी जुळेना. तो हेलियम होता. पृथ्वीवर तो सापडायला १८९५ उजाडले. जे कळणे अशक्य म्हणून सांगितले होते, ते तर कळलेच; वर एक मूलद्रव्य आधी सूर्यात सापडले आणि मग पायाखाली.

गोष्ट इथेही थांबत नाही. ताऱ्याच्या तापमानाप्रमाणे त्यातल्या अणूंची अवस्था आणि म्हणून वर्णपटातल्या रेषा कशा बदलतात, याचे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले. ते हाताशी धरून सेसिलिया पेन या पंचविशीतल्या संशोधक तरुणीने १९२५ मध्ये आपल्या प्रबंधात हिशेब केला, तेव्हा तारे जवळजवळ संपूर्णपणे हायड्रोजन आणि हेलियमचेच बनलेले आहेत असे निघाले. तारे साधारण पृथ्वीसारख्याच द्रव्यांचे असावेत, असे तेव्हाचे सर्वमान्य मत होते. हेन्री नॉरिस रसेल या त्या काळच्या मातब्बर खगोलशास्त्रज्ञाने हा निष्कर्ष अशक्य ठरवला, आणि पेन यांना स्वतःच्याच प्रबंधात, हा निष्कर्ष जवळजवळ नक्कीच खरा नाही, असे लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल स्वतः वेगळ्या वाटेने तिथेच पोचला आणि पेन बरोबर होत्या हे त्याने मान्य केले. नव्वद वर्षांत 'कधीच नाही' हे दोनदा ठामपणे उच्चारले गेले, तेही मूर्खांकडून नव्हे, आणि दोनदा ते कोसळले. उद्या सगळे चांगले होईल अशी हमी यातून मिळत नाही. पण सगळे संपले आहे, आता काही होणे नाही, असा निवाडा देणाऱ्या आपल्या मनाची साक्ष फारशी विश्वासार्ह नाही, एवढे निश्चित सिद्ध होते. निराश माणसाला याहून अधिक उपयोगी काय सांगता येईल, मला माहीत नाही.

यावर कुणी म्हणेल, हा तर विज्ञानाच्या प्रगतीचा पाढा झाला. त्यासाठी रात्री मान वर करून बसायची काय गरज? औषधांच्या शोधांतूनही हीच आशा मिळेल. मिळेल, जरूर मिळेल. पण आकाशाची गोष्ट एका बाबतीत वेगळी आहे. तिथे माणसाची सत्ता कुठेच चालत नाही. तारा हलवता येत नाही, तापवता येत नाही, पुन्हा करून दाखव म्हणता येत नाही. फक्त पाहता येते, वाट पाहता येते आणि पाहिलेले प्रामाणिकपणे टिपून ठेवता येते. एडमंड हॅली या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाने १५३१, १६०७ आणि १६८२ मधल्या धूमकेतूंच्या कक्षा ताडून पाहिल्या, तिन्ही एकच असल्याचे १७०५ मध्ये मांडले, आणि तो १७५८ च्या सुमारास परत येईल असे भाकीत केले. आपण तो पाहणार नाही हे त्याला माहीत होते; तो १७४२ मध्ये गेला. क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या फ्रेंच अभ्यासकांनी गुरू आणि शनीच्या ओढीमुळे होणाऱ्या उशिराचे महिनोन्‌महिने हातांनी गणित केले, आणि १७५८ च्या नाताळच्या रात्री पालिच या हौशी आकाशनिरीक्षक शेतकऱ्याला तो दिसला. शतकानुशतके ज्याला पाहून राजे हवालदिल होत, त्याच्या येण्याची तारीख काढता आली, तीही स्वतः न पाहता. आपल्यानंतर येणाऱ्यांसाठी नेमके काम करून ठेवणे हे आशेचेच एक रूप नाही का? मात्र या कथेची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. हाच धूमकेतू १९१० मध्ये परत आला तेव्हा त्याच्या शेपटीत वर्णपटाच्याच साहाय्याने सायनोजेन हा विषारी वायू आढळला होता, पृथ्वी त्या शेपटीतून जाणार असे कळल्यावर अनेक ठिकाणी घबराट पसरली आणि धूमकेतूपासून बचाव करणारे औषध म्हणून गोळ्यासुद्धा विकल्या गेल्या. ज्ञान वाढले की भीती आपोआप पळते, असे नसते. शेपटी किती विरळ आहे हे समजून घ्यायला जे लक्ष द्यावे लागते, ते प्रत्येक पिढीला नव्याने द्यावे लागते.

आता पळवाटीचा आरोप. हा सर्वांत वजनदार आहे आणि त्यात तथ्य आहे. आकाशाकडे बघत जमिनीवरचे न बघणारे लोक असतात. सत्ताधाऱ्यांनी ग्रहताऱ्यांचा उपयोग प्रजेला गप्प बसवायला केला आहे. पण आरोप सिद्ध व्हायचा असेल, तर लक्षपूर्वक आकाश पाहणारा माणूस जगाकडे पाठ फिरवतो, असे दिसायला हवे. योहानेस केप्लर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाची १६१८ ते १६२१ ही वर्षे पाहा. फेब्रुवारी १६१८ मध्ये त्याची लहान मुलगी गेली. मे महिन्यात ग्रहाचा सूर्याभोवतीचा काळ आणि त्याचे सूर्यापासूनचे अंतर यांना जोडणारा नियम त्याला सापडला, आणि त्याच महिन्यात प्रागमध्ये ठिणगी पडून युरोपला तीस वर्षे जाळणारे युद्ध सुरू झाले. त्याच्या म्हाताऱ्या आईवर चेटकीण असल्याचा आरोप होता. १६२० मध्ये तिला अटक झाली. केप्लर आपले काम सोडून तिच्या गावाकडे गेला, खटल्याचे कागद वाचले, साक्षींमधल्या विसंगती एकेक करून दाखवल्या, आणि चौदा महिन्यांनी, १६२१ मध्ये, ती सुटली. हा तोच माणूस होता, ज्याने मंगळाच्या स्थानात गणित आणि टायको ब्राहे या आकाशनिरीक्षकाच्या नोंदी यांच्यात फक्त ८ कलांचा फरक आला म्हणून वर्षांचे काम बाजूला ठेवले होते. पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव भागाएवढा हा फरक. दुसऱ्या कुणी नजरेआड केला असता. त्याने केला नाही, आणि त्यातूनच ग्रहांच्या कक्षा वर्तुळाकार नसून लंबवर्तुळाकार आहेत हे कळले. मंगळाच्या बाबतीत आठ कला न सोडणारी नजर आईच्या खटल्यात खोट्या साक्षी सोडेल, असे तुम्हाला वाटते का?

पण केप्लर आकाशाचाच माणूस होता, त्याचे सोडा. रोझा लक्झेंबर्ग तर जर्मनीतली समाजवादी क्रांतिकारक होती. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून १९१६ पासून तुरुंगात. तिथून तिने लिहिलेली पत्रे ढग, झाडे, भुंगे आणि पक्ष्यांनी भरलेली आहेत. पक्षाच्या अधिवेशनापेक्षा आपल्या चिमुकल्या पक्ष्यांमध्ये मला अधिक घरच्यासारखे वाटते, अशा अर्थाचे तिने मैत्रिणीला लिहिले. इथवर वाचणारा म्हणेल, बघा, हीच ती पळवाट. पुढे वाचावे. जर्मनीतले गाणारे पक्षी का कमी होताहेत हे वाचून तिला कशाची आठवण आली? शेती आणि जंगले 'सुधारताना' त्या पक्ष्यांच्या घरट्यांच्या जागा गेल्या, हे कळल्यावर तिला अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची आठवण आली, ज्यांना असेच टप्प्याटप्प्याने आपल्या भूमीवरून हुसकावले गेले. डिसेंबर १९१७ मधल्या पत्रात तुरुंगाच्या अंगणातले दृश्य आहे. रुमानियातून लूट म्हणून आणलेले रेडे रक्ताळलेल्या गणवेशांनी भरलेल्या गाड्या ओढताहेत, शिपाई चाबकाच्या दांड्याने त्यांना मारतो आहे, एकाची जाड कातडी फाटून रक्त वाहते आहे, आणि तो रडून थकलेल्या मुलासारखा समोर बघत उभा आहे. युद्धाविरुद्ध याहून प्रखर पान मी क्वचितच वाचले असेल, आणि ते पक्षी न्याहाळणाऱ्या डोळ्यांनीच लिहिले आहे. निसर्गाकडे पाहिल्याने तिचे जगाकडचे लक्ष उडाले नाही. ते लक्ष एकच होते. कुठे वळेल एवढाच प्रश्न.

याच मुद्द्याची आणखी कोरडी बाजू हवी असेल तर तीही आहे. शुक्र पृथ्वीएवढाच, पण त्याच्या पृष्ठभागावर सुमारे ४६० अंश सेल्सिअस तापमान आहे, कारण त्याचे दाट वातावरण जवळजवळ पूर्णपणे कार्बन डायऑक्साइडचे आहे. पृथ्वीच्या तापमानवाढीबद्दल पुढे ठामपणे बोलणारे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन आधी शुक्राच्या ढगांचा अभ्यास करत होते. १९७१ मध्ये मरिनर ९ हे यान मंगळापाशी पोचले तेव्हा अख्खा ग्रह धुळीच्या वादळाखाली होता. वातावरणातली धूळ ग्रहाला कशी थंड करते याच्या त्या अभ्यासातूनही १९८३ मध्ये अणुयुद्धानंतरच्या दीर्घ हिवाळ्याचा इशारा आकाराला आला. वर बघू नका, खाली बघा, असे सांगणाऱ्यांना खालचे हे दोन धोके वर बघणाऱ्यांनीच समजावून दिले आहेत.

एक भाबडी आशा मात्र मला तितक्याच जोरात नाकारायची आहे. विश्व तुमच्यासाठी काही योजून बसले आहे, मनापासून मागा, तारे ऐकतील, असे सांगणारे हल्ली फार झाले आहेत. तारे ऐकत नाहीत. लक्झेंबर्ग नोव्हेंबर १९१८ मध्ये सुटली आणि १५ जानेवारी १९१९ रोजी तिचा खून झाला. कोणत्याही पक्ष्याने वा ढगाने तिला वाचवले नाही. निसर्ग आपली काळजी घेत नाही हे ज्याला पचत नाही, त्याने त्यातून आशा शोधू नये, कारण पहिल्याच आघाताला ती फुटेल. इतकेच काय, स्थैर्याचे प्रतीक म्हणून ज्याचे नाव घेतो तो ध्रुवही अढळ नाही. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो. पिरॅमिडे बांधली जात होती तेव्हा उत्तर ध्रुवाच्या जवळ ठुबान हा दुसराच तारा होता, आणि सुमारे १२,००० वर्षांनी तिथे अभिजित असेल. मला यात खिन्न होण्यासारखे काही दिसत नाही. वर जर सगळे कायमचे ठरलेले असते, तर खाली काही बदलेल असे मानायला आधार तरी कशाचा होता?

राहिला आश्चर्याचा प्रश्न. माहितीने आश्चर्य मरते असे म्हणणाऱ्यांनी एकदा मृग नक्षत्र नीट पाहावे. नीट म्हणजे अंधारात किमान वीस-तीस मिनिटे थांबून. डोळ्याच्या पडद्यावरच्या मंद प्रकाशासाठीच्या पेशींना सावरायला तेवढा वेळ लागतो, आणि मध्येच मोबाइलच्या पडद्याकडे एक नजर टाकली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला, उभ्या ओळीतल्या अंधूक ताऱ्यांमध्ये, एक जागा धुरकट वाटते. थेट रोखून पाहिले तर ती विरते. नजर किंचित बाजूला ठेवली तर उमटते, कारण त्या पेशी दृष्टीच्या मध्याबाहेर दाटीने असतात. ज्याला काहीच माहीत नाही त्याला तिथे डाग दिसेल. ज्याला माहीत आहे त्याला कळते की साधारण १,३५० प्रकाशवर्षांवरच्या त्या धुक्यात या घटकेला तारे जन्माला येत आहेत, आणि डोळ्यात शिरणारा प्रकाश सातव्या शतकात तिथून निघालेला आहे. या दोघांत कुणाचे आश्चर्य मोठे?

आणि म्हणूनच अंधाराचा प्रश्न सार्वजनिक आहे, तो हौशी लोकांचा लाड नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार पृथ्वीवरच्या तीनपैकी एका माणसाला राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. २०११ ते २०२२ या काळात जगभरच्या नागरिकांनी केलेल्या नोंदींवरून आकाशाचा उजेड दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचे २०२३ मध्ये मांडले गेले; म्हणजे जिथे २५० तारे दिसतात तिथे जन्मलेल्या मुलाला अठराव्या वर्षी जेमतेम १०० दिसतील. हा प्रश्न माणसांचाच नाही; शेणाचा गोळा लोटत नेणारे आफ्रिकेतले भुंगेसुद्धा आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा ठरवतात, हे २०१३ मध्ये त्यांच्या डोळ्यांवर इवल्या टोप्या घालून सिद्ध झाले आहे.

इथे विरोधकांचा शेवटचा मुद्दा येतो आणि तो हलका नाही. कोट्यवधी घरांत अजून वीज पोचलेली नाही; त्यांना अंधाराचे सौंदर्य सांगणे क्रूरपणा आहे. रात्री कामावरून परतणाऱ्या बाईला रस्त्यावर दिवा हवाच. दोन्ही गोष्टी मला शंभर टक्के मान्य आहेत. पण त्या बाईच्या पावलांपुढे पडणारा प्रकाश आकाश पुसत नाही. आकाश पुसतो तो झाकण नसलेल्या दिव्यातून वर आणि आडवा सांडणारा, जाहिरातींच्या फलकांवरून उसळणारा, बंद दुकानांवर रात्रभर जळणारा प्रकाश, आणि तो कुणाच्याच सुरक्षिततेसाठी नसतो. उलट डोळ्यांत घुसणारी तिरीप समोरचा खड्डा आणि कडेचा माणूस दोन्ही झाकते. अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफने १९५८ मध्ये जाहिरातीच्या प्रकाशझोतांवर बंदी घातली, पुढे दिव्यांना खाली तोंड आणि मर्यादा यांचे नियम केले. ते शहर अंधारात बुडालेले नाही. रस्ते उजळलेले आहेत आणि आकाशही दिसते.

राहता राहिले 'सुखवस्तूंचे चोचले'. डोंगरदऱ्या, प्रवाळबेटे, हिमनद्या पाहायला पैसा आणि सवड लागते. रात्रीचे आकाश हे एकच असे नैसर्गिक दृश्य आहे, जे प्रत्येकाच्या डोक्यावर आपण होऊन, फुकट येत असे. ते उजेडाने बुडाले तेव्हा श्रीमंतांचे काही गेले नाही. त्यांच्यासाठी दूरच्या वाळवंटात तारे दाखवणारी निवासस्थाने उभी राहिली आहेत. गेले ते, ज्याला तिथवर जाता येत नाही त्याचे. म्हणून नवा दिवा लावताना त्याला वरून झाकण आहे का, त्याचा रंग पांढराशुभ्र आहे की पिवळसर, आणि मध्यरात्रीनंतर त्याची गरज आहे का, हे प्रश्न पाणी आणि शाळेच्या प्रश्नांइतक्याच हक्काने, त्याच सभेत, त्याच माणसांनी विचारायला हवेत.